ढेकळाच्या दातातला हार

अंबड, नाशिक
९ ऑक्टोबर २००४

ती. आत्या,

नमस्कार तुझ्या पायापर्यंत पोचला असं धरून चाल. वाकायला जागा नाही. माझ्या दोस्ताच्या, योगेशच्या शेडमध्ये चहूकडे पत्र्याचे तुकडे पडलेत, वाकलं की काहीतरी टोचतंच.

फोन मुद्दाम करत नाही. तुझ्या शेजारच्या पेढेवाल्याकडे फोन लावला की तू येईपर्यंत अर्ध्या त्र्यंबकला माझी खुशाली कळते. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या गोरक्षच्या जीपमधून, फुलांच्या पाटीत खोचून पाठवतोय. भिजली असेल तर शेवंतीला बोल लाव.

तू विचारशील, आता काय नवीन? आयटीआय सोडलं, टेम्पो सोडला, लग्नाच्या शूटिंगमध्ये लाइट धरायचं सोडलं. सगळं खरं. पण आता जे धरलंय ते निराळं आहे. आम्ही एक यंत्र बनवतोय. भांडणारं यंत्र. केबलवर परदेशातली दाखवायचे, आठवतंय? एक करवत घेऊन येतं, दुसरं त्याला उचलून भिरकावतं, आणि माणसं काचेमागे उभी राहून नुसती बोटं हलवतात. ते बघताना मला जागेपणी झोप लागल्यासारखं व्हायचं. आता एक चॅनेल तसलीच स्पर्धा आपल्याकडे भरवतंय, नाव ‘लोहदंगल’. शूटिंग गंगापूर रोडला, एका मैदानावर मांडव घालून. ते नंतर टीव्हीवर लागणार.

आमचं यंत्र नांगराचा फाळ पालथा पडल्यासारखं दिसतं. बसकं, पुढून उतरतं. आत जीपच्या वायपरच्या मोटरी आणि स्कूटरच्या बॅटऱ्या. चाकं अंगापेक्षा उंच ठेवलीत, म्हणजे कुणी पालथं घातलं तरी तसंच चालत राहील. ही युक्ती माझी. योगेशला वाटतं त्याची, वाटू दे. नाव ठेवलंय ढेकूळ. ढेकूळ फोडलं तर दोन ढेकळं होतात, हरत कुठे?

परवा मी नटबोल्ट आणायला द्वारका चौकापर्यंत गेलो होतो. तिथे एका लांबच लांब ट्रकवर पवनचक्कीचं पातं चाललेलं. पांढरं, गुळगुळीत, झोपलेल्या माशासारखं. वळणावर ते इतकं हळू फिरलं की सगळा चौक श्वास धरून उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, बसतो का? बसलो. चांदवडला उतरलो तेव्हा चहूकडे कांद्याचा वास आणि बोल्टची आठवण. दुसऱ्या दिवशी परत आलो. योगेश दोन दिवस बोलला नाही.

तात्या दीड वर्षं बोलले नाहीत, त्यापुढे हे काहीच नाही. तुझ्यासमोरच म्हणाले होते ना, “एक गोष्ट शेवटाला ने, मग उंबऱ्यात पाय ठेव.” तात्या संध्याकाळी फुलं मोजून झाली की टीव्हीसमोर बसतात. तिथे मी दिसणार आहे आत्या. सुरुवात करताना तर मला सगळ्यांनी पाहिलंय. शेवट करताना त्यांना दिसायचंय. एवढंच डोक्यात आहे.

तुझा,
कुंदन


त्र्यंबकेश्वर
१५ ऑक्टोबर २००४

चि. कुंदन यास आशीर्वाद.

(आत्या सांगतायत, मी स्नेहल लिहितेय. त्यांचे शब्द जसेच्या तसे. कंसात मी असेन, भावजी.)

चिठ्ठी मिळाली. भिजली नाय, पण मधी एक अळी निघाली. तुझ्या बापाच्या शेतातली असंल, कारण हिरवी आन् लय हट्टी होती.

मला एक कळंना. यंत्रं भांडत्यात तर मानसं काय करत्यात? भांडायला मानसं कमी पडली का? हिथं रोज सकाळी पूजेच्या ताटावरून, जागेवरून, चपलांवरून भांडनं चालत्यात, त्याला कुनी मांडव घालत नाय.

(यंत्राला डोळे काढा असं म्हणतायत. डोळ्यांशिवाय कुणाला राग कसा येईल, असं त्यांचं म्हणणं.)

तू त्या पात्याच्या मागं चांदवडला गेला, ते वाचून स्नेहल हसली, मी नाय हसले. लहानपनी तू माझ्या हारांच्या दुकानावरून असाच एका अस्वलवाल्याच्या मागं गेलता. तुझा बाप चप्पल न घालता हुडकत फिरला व्हता. त्यो बोलत नाय तुझ्याशी, पन बोलायचं नाय हे त्याला रोज ध्यानात ठेवावं लागतं. लय कष्टाचं काम हाय ते.

दसऱ्याच्या आदल्या दिशी खंडेनवमी हाय. तुझ्या त्या ढेकळाला हळदकुंकू लाव. लोखंड हाय, त्याला बी मान असतोय.

भागुबाई

(मलाही सांगा, रिमोट कुणाच्या हातात असतो? मला एकदा द्याल का?)


अंबड
२३ ऑक्टोबर २००४

ती. आत्या,

हळदकुंकू लावलं. हार घातला नाही, कारण घालावा असा हार इथे मिळेना, आणि त्यावरूनच एक सुचलं. स्पर्धेच्या दिवशी, सगळ्या टीव्हीसमोर, ढेकळाला तुझ्या हातचा हार असावा. चांगला जाड, तिपेडी, झेंडूचा. दोन हात लांब. आपल्या घरची रीत लोकांना दिसू दे.

एकच सांगणं. सुतात ओवू नको. नायलॉनच्या दोऱ्यात ओव. तिथे फार मोठे दिवे असतात, त्या उष्णतेने सूत तुटतं.

इकडे पहाटे धुकं फार पडतंय. शेडच्या दारात उभं राहिलं की समोरची कारखान्याची चिमणी वरूनच सुरू झाल्यासारखी दिसते. काल मला वाटलं, ढेकूळ त्या धुक्यात आपोआप चाललंय, रिमोट माझ्या खिशात. बघितलं तर कुत्रं होतं.

तुझा,
कुंदन

स्नेहल वहिनी, हा खालचा कागद वेगळा घडी करून ठेवलाय. आत्याला वाचून दाखवू नको.

योगेश मला नियमांचं पुस्तक वाचून दाखवतो, इंग्रजीत आहे. तो नियम वाचतो आणि मला त्यातल्या फटी ऐकू येतात. एक नियम असा की पायांनी चालणाऱ्या यंत्राला जास्त वजनाची सूट. मी म्हटलं, चाकं काढू, खाली सळया लावू, थरथरत सरकेल, त्यालाच पाय म्हणू. योगेश म्हणाला, “ते पाय नाहीत, ताप आलेली खाट आहे.” ते राहिलं.

दुसरा नियम. आग नको, पाणी नको, जाळं नको, दोर नको. का, तर आमची कुस्ती ज्यांच्याशी आहे त्या पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांकडे ‘भिंगरी’ म्हणून यंत्र आहे. तिच्या पुढ्यात लोखंडाची जाड चकती गरगर फिरते. ज्याला लागेल त्याचा पत्रा फाटतो. असल्या चकतीत दोर अडकला की ती गप्प. म्हणून दोराला बंदी. पण तिसरा नियम म्हणतो, सजावट चालेल. झेंडे, कापड, फुलं. सजावटीचं वजनही धरत नाहीत.

आलं लक्षात? हार म्हणजे सजावट. पूजेच्या हाराला टीव्हीवर कोण नको म्हणणार? तो मी ढेकळाच्या अगदी नाकावर बांधणार. भिंगरी येऊन धडकली की चकतीत तिपेडी नायलॉन. मग ढेकूळ नुसतं ढकलत नेईल. योगेशला आवडलेलं नाही, पण त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. मला जिंकून दाखवायचंय, वहिनी. तात्यांना दुसरं काय दिसणार?


त्र्यंबकेश्वर
१८ नोव्हेंबर २००४

चि. कुंदन यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. तू आला नाय. तुझ्या वाटनीच्या करंज्या गोरक्षच्या जीपमधनं धाडल्या व्हत्या, त्यानं किती खाल्ल्या ते त्यालाच इचार.

(चार खाल्ल्या. कबूल केलंय.)

दिव्यानं सूत तुटतं व्हय रे? देवळात काय कमी दिवे हायेत? माझ्या सासूपासून आमी सुतात आन् केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवतोय, एक हार दिव्यानं तुटलेला ठावं नाय. नायलॉन मी आजवर हातात धरलेलं नाय. देवाला चालत नाय, आमच्या ओळीत कुनी वापरलं तर बाकीच्या तोंड फिरवत्यात. तू आजपातूर माझ्याकडं पेढा मागितला, भाडं मागितलं, देवाची गोष्ट म्हनून पयल्यांदा काय मागितलं. म्हनून ओवते. लोखंडाचा देव हाय, त्याचा कायदा निराळा असंल.

शूटिंगच्या आदल्या दिशी गोरक्षसंगं धाडते. पानी मारून ओल्या फडक्यात बांधीन. सोडू नको मधी.

भागुबाई

(आता माझं. मी तुमचा कागद वाचून चुलीत घातला, कुणाला बोलले नाही. पण आत्यांनी ते नायलॉनचं रीळ आणलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. दोरा ओढून बघितला, दाताने तोडून बघितला, तुटला नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडायला लागले.

आणखी एक. हे त्यांनी सांगू नको म्हटलंय, म्हणजे तुमचं माझं बरोबर झालं. हारासाठी फुलं बाजारातली नाहीत. आत्या मखमलाबादला जाऊन आल्या. तुमच्या तात्यांनी विचारलं, “कशाला पाहिजेत एवढी?” आत्या म्हणाल्या, “एका मशीनला.” त्यांनी फक्त हार कधी ओवणार ते विचारलं. पण त्या दिवशी फुलं तोडायला बायका येतील असं म्हणाले आहेत, आणि बायकांना मात्र सुट्टी दिली आहे. स्वतःच तोडणार दिसतात.)


अंबड
२९ नोव्हेंबर २००४

ती. आत्या,

काल झालं सगळं. निकाल कुणाला सांगायचा नाही, अशी आमच्याकडून सही घेतली आहे. टीव्हीवर लागेपर्यंत तोंड बंद. मी सही करताना नीट ऐकून घेतलं, निकालाचं लिहिलंय. फुलांचं काही लिहिलेलं नाही. म्हणून फुलांचं सांगतो.

गोरक्षने पाटी उतरवली, मी फडकं सोडलं आणि शेडमध्ये एकदम आपलं शेत उभं राहिलं. तो कडवट वास, ओला. देठ सगळे एकाच मापाचे तोडलेले. असे देठ तोडणारा माणूस मला माहीत आहे. वहिनी, तू कशाला सांगितलंस? ढेकळाच्या नाकावर हार बांधताना माझी बोटं माझी नव्हती.

मांडवात मधोमध लोखंडी जमिनीचा चौक, भोवती जाड काच. वरून इतका उजेड की कुणालाच सावली नव्हती. निवेदिका धावत आली, कॅमेरा हारावर. “किती सुंदर! ही परंपरा आहे का?” मी म्हटलं, हो. पंच आला, फुलं हुंगली, बरं म्हणाला. पुण्याच्या पोरांपैकी एकाने तर भिंगरीसाठी एक फूल मागून घेतलं. मी दिलं.

घंटा झाली. भिंगरीची चकती आधी दिसत होती, मग दिसेनाशी झाली, नुसता आवाज उरला. मी ढेकूळ सरळ तिच्यावर घातलं. लागलं. आणि आत्या, हार सुटला.

तुटला नाही. सुटला. एका टोकाला चकतीचा दात लागला आणि सगळाच्या सगळा हार, जसा हातातून वाळू सुटावी तसा, फूल फूल होऊन सुटला. चकतीने ती फुलं घेतली आणि वर उडवली. मी एवढा पिवळा रंग कधी पाहिला नव्हता. पाकळ्या वर जाऊन काचेला लागायच्या आणि सावकाश, अगदी सावकाश, घाई नसल्यासारख्या खाली यायच्या. बोटं रिमोटवर तशीच राहिली. मला वाटलं मी पाच वर्षांचा आहे आणि तात्या खांद्यावर बसवून फुलाच्या रानातून नेतायत.

मग पंचाने शिट्टी वाजवली. चौकात उतरला, एक दोरा उचलला, लांब, मोकळा, एकही फूल नसलेला. नायलॉन. तो बोटाला गुंडाळत गुंडाळत माझ्याकडे बघत राहिला. “सजावट?” म्हणाला. मी रिमोट खाली ठेवला. “झाडून घ्या,” म्हणाला, “आणि ही कुस्ती पुन्हा पहिल्यापासून. उघड्या अंगाने.”

पुढचं सांगायला बंदी.

फक्त एक विचारतो. चिडून नाही, थोडं चिडूनच. तिपेडी नायलॉन, दाताने न तुटणारं. तू गाठ कसली मारली होतीस?

कुंदन


त्र्यंबकेश्वर
१२ डिसेंबर २००४

चि. कुंदन यास.

गाठ कसली म्हंजी? माझी गाठ. मला एकच येतीया.

आमच्याकडं सांजच्याला देवाच्या गळ्यातले हार उतरवत्यात. त्या निर्माल्याचं एक टोक धरून वढलं की सगळी फुलं सुटली पायजेत. फुलं खड्ड्यात, दोरा हातात. सासूनं पयल्या दिशी शिकवलं, देवाच्या गळ्यात अडकून बसंल असा हार वोवायचा नाय. त्याला बी कवातरी मोकळं व्हायचं असतं. चाळीस वरसं हात त्येच करतोय. तू दोरा बदलाया सांगितला, म्या बदलला. गाठ बदल असं कुठं लिव्हलं व्हतं?

(मी पुन्हा वाचून दाखवलं. खरंच लिहिलेलं नव्हतं, भावजी. नियमात फट राहिली.)

हसू नको गं स्नेहल. आता मी इचारते. त्या पंचानं बोटाला दोरा कशापायी गुंडाळला? नायलॉन आन् सजावट, ह्यात काय व्हतं? मी म्हातारी हाय, येडी नाय. तू देवाचं नाव घिऊन काय करत व्हता ते मला टीव्हीत दिसंल. तवर मी इचारत नाय. पन दादानं, तुझ्या बापानं, पाठीत उसन भरलेली असताना ती फुलं तोडली व्हती. तेवढं फकस्त ध्यानात ठिव.

भागुबाई

(रागावल्यात. पण परवा एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, आमचा हार टीव्हीवर येणार आहे.)


अंबड
८ जानेवारी २००५

ती. आत्या,

कार्ड छोटं आहे, जागा नाही, बरंच झालं.

पुढच्या रविवारी, १६ तारखेला, संध्याकाळी. तू मखमलाबादला जाशील का? तात्यांच्या शेजारी बस. टीव्ही बंद करायला उठले तर काहीतरी काम सांग. हार बघून काय बोलायचं ते मला बोल, पण शेवटपर्यंत बघू दे त्यांना. शेवट महत्त्वाचा आहे. जास्त सांगितलं तर सही मोडेल.

रात्रंदिवस एकच चित्र येतं. तात्या बसलेत, टीव्हीतून पाकळ्या बाहेर येऊन खोलीत पडतायत, आणि ते त्या गोळा करून मोजतायत.

कुंदन


त्र्यंबकेश्वर
१८ जानेवारी २००५

चि. कुंदन यास आशीर्वाद.

(भावजी, मीही गेले होते. त्यामुळे हे आम्ही दोघी मिळून सांगतोय, कोण कुठे बोलतंय ते ओळखा.)

आमी दुपारीच गेलो. दादा रानात. यायला उशीर लावला, मग हात धुयाला उशीर, मग चहाला. मी म्हनलं, “आरं बस की.” म्हनला, “मला कुठं बघायचंय?” आन् खुर्ची टीव्हीसमोर वढून बसला. शेजारची बयाबाई पोरंटोरं घिऊन आली व्हती.

(टीव्हीवाल्यांनी पंच आणि दोरा सगळं कापून टाकलंय. शिट्टी नाही, बोलणं नाही. नुसती फुलं उडताना दाखवली, अगदी हळू करून, मागे सनई लावून. पाकळ्या इतक्या सावकाश पडत होत्या की बयाबाईंनी टीव्हीला हात जोडले. निवेदिका म्हणाली, देवाचा आशीर्वाद घेऊन ढेकूळ मैदानात. आणि मग एकदम घंटा, आणि ढेकूळ उघडं.)

बया म्हनली, “पोरगं लय देवभोळं झालं गं!” दादा तवा काय बोलला सांगू? टीव्हीवरनं नजर न काढता म्हनला, “हार गळ्यात घालत्यात. दातात नाय.”

येवढंच. मंग मला बी कळलं तू काय केलं व्हतं. नाकावर हार, म्होरं लोंबता, नायलॉनचा. बरं झालं सुटला. माझ्या हातचा हार कुनाच्या गळ्याला फास झाला असता तर मी दुकानावर कशी बसले असते? जाऊ दे. झालं ते झालं.

(पुढचं मी सांगते. त्या भिंगरीने पहिल्याच टोल्यात ढेकळाचा कोपरा उडवला. दुसऱ्यात पालथं घातलं. ते पालथं चालायला लागलं तेव्हा पोरं ओरडली. तात्या म्हणाले, “चाकं उंच ठेवलीत.” मग एक चाक गेलं. ढेकूळ गोल गोल फिरायला लागलं, एका अंगावर, आणि कडेला राहिलेल्या पाकळ्या त्याला चिकटत गेल्या. भिंगरी येऊन मारायची, ते लांब जाऊन पडायचं, थोडं थांबायचं, आणि पुन्हा निघायचं. तुमचा चेहरा दाखवला. तुम्ही कुठेच बघत नव्हता, नुसतं त्याच्याकडे. तात्या खुर्चीत पुढे सरकले होते. मी त्यांच्या हातांकडे बघितलं, दोन्ही अंगठे हलत होते, रिमोट धरल्यासारखे.)

घंटा झाली. पुन्याच्या पोरांचा हात वर केला. बयाबाई म्हनली, “अगं बाई, हारला की!”

दादा म्हनला, “थांब. आधी बंद पडलं का आधी घंटा झाली?”

पोरं म्हनली, “घंटा. ते अजून फिरतंया, त्ये बघा.”

“मंग झालं,” म्हनला. आन् उठून टीव्ही बंद केला.

ये म्हनला का तुला? नाय म्हनला. येऊ नको बी नाय म्हनला. जेवताना फकस्त एकदा म्हनला, “चाक जायच्या आधीपासून ते डावीकडं वढत व्हतं. एवढं कसं दिसलं नाय ह्यांना?”

भागुबाई

(हे वाक्य आत्यांनी मला तीनदा लिहायला लावलं. मी एकदाच लिहिलंय. तुम्ही तीनदा वाचा.)


२७ जानेवारी २००५

ती. आत्या, आणि वहिनी,

तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना योगेशने कागद काढून घेतला आणि ढेकूळ पालथं करून बघितलं. डाव्या अंगाची एक मोटर खरंच मंद होती. आम्ही चार महिने तिच्याजवळ झोपत होतो आणि आम्हाला दिसलं नव्हतं. ते टीव्हीतून दिसलं. यावर मी बराच वेळ विचार करत बसलो, मग विचारावर विचार, मग बाहेर एक पतंग कटून आला त्याच्यामागे गेलो. पतंग मिळाला नाही. पण पाय पंचवटीकडे, म्हणजे घराच्या वाटेला, लागलेच होते, म्हणून परत येऊन ढेकूळ पाटीत घातलं, वर गोणपाट टाकलं आणि मखमलाबादची वाट धरली. योगेशने त्याला चाक बसवून दिलं होतं. मोटर तशीच ठेव म्हटलं.

बांधावर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. झेंडू संपत आलाय, आता निशिगंध लावलाय पलीकडे. घराचं दार उघडं. आत टीव्ही चालू असावा, आवाज येत होता. मी बांधावरच थांबलो. तात्या काय म्हणाले होते ते मी नीट आठवलं, शब्द न् शब्द, योगेश पुस्तक वाचतो तसं. एक गोष्ट शेवटाला ने, मग उंबऱ्यात पाय ठेव. शेवटाला नेली का, हे ठरवणारा पंच घरात बसलेला. तोवर मला पाय ठेवायची बंदी. मला. ढेकळाचं त्यात काहीच म्हटलेलं नव्हतं. आणि त्याला पायही नाहीत.

मी त्याला वाटेवर ठेवलं आणि रिमोट घेऊन झेंडूच्या मागे उभा राहिलो.

निघालं ते. खडखडत, कोंबड्यांना पळवत, डावीकडे ओढत. मी उजवीकडे वळवायचो, ते पुन्हा डावीकडे. एकदा तर तुळशीकडेच निघालं, कसंबसं फिरवलं. ऊन असं आडवं पडलं होतं की त्याची सावली त्याच्यापेक्षा किती तरी मोठी होती, घराएवढी, आणि आधी ती सावलीच उंबरा ओलांडून आत गेली. मागून ढेकूळ जाऊन उंबऱ्याला धडकलं. ठक. चढेना. मागे घेतलं, पुन्हा ठक. उंबरा काही फार उंच नाही आत्या, तुला माहीत आहे. पण त्याच्यासाठी होता.

आतला टीव्ही बंद झाला.

तात्या बाहेर आले. एका हाताने पाठ धरलेली. खाली बघितलं. ढेकळाच्या फटीत अजून एक वाळकी पाकळी अडकलेली होती, ती बसून नखाने काढली आणि बघत राहिले. मी रिमोट सोडून दिला होता. मग त्यांनी ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं, तीस किलोचं, दुखऱ्या पाठीने. मी झेंडूतून दोन पावलं पुढे आलो. ते उचलून त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवलं, डावी बाजू वर करून.

आणि झेंडूकडे न बघता म्हणाले, “ह्याचा मालक बाहेरच राहिला वाटतं. पाना आणलाय का म्हणावं त्याने?”

पाना नव्हता आणला. मी चपला काढल्या.

कुंदन,
घरून